उंटिणीला शिकवलेली दुरुस्ती

मंगळवारी दुपारी गोठलेल्या समुद्राच्या मधोमध तोलेगेनच्या साइडकारवाल्या मोटरसायकलचा हॉर्न वाजायला लागला, तो चाळीस मिनिटं थांबला नाही.

तोलेगेननं बटण सोडलं होतं, पण बटण काही बाहेर येईना. त्यानं बटणावर बुक्की मारली. मग लाथ मारली. मग डोक्यावरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढून हॉर्नच्या तोंडात कोंबली, तर हॉर्न टोपीतूनही वाजत राहिला, फक्त सर्दी झालेल्या बोकडासारखा. बर्फाला भोकं पाडून जाळी सोडून बसलेले टोळीतले बाकीचे आठ जण एकेक करून उठले आणि भोवती जमले. कुणी तार उपट म्हणालं, कुणी नको म्हणालं. उणे वीसमध्ये हातमोजे काढून तार शोधायची कुणाची छाती होईना. शेवटी बॅटरी मेली तेव्हा आवाज थांबला. तोवर बर्फाखालचा एकूण एक मासा पलीकडच्या किनाऱ्याला पोचला असणार यावर टोळीचं एकमत झालं होतं.

बॅटरी मेली म्हणजे मोटरसायकलही मेली. टोळीचा मुकादम ओराझबाय यानं ती आपल्या मोटरसायकलला दोर बांधून गावात ओढत आणली, आणि आणली ती नेमकी शाळा सुटायच्या वेळेला शाळेसमोरून.

दारात दोर सोडताना ओराझबाय म्हणाला, "तोलेगेन-आगा, तुम्ही वयानं मोठे, म्हणून आवाज चढवत नाही. गेल्या आठवड्यात धुक्यात तुमचा दिवा लागला नाही. आज हॉर्न बंद होईना. धुकं पडलं की आम्ही एकमेकांना शोधतो ते दिव्यानं आणि हॉर्ननंच ना? पुढं बर्फ फाटलाय हे सांगणार कसं? सोमवारी सकाळी किनाऱ्यावर या. दिवा दहा वेळा, हॉर्न दहा वेळा, चावी दहा वेळा. एकदा जरी अडकलं, तरी हा हिवाळा तुम्ही घरी."

"घरी?" तोलेगेन म्हणाला.

"घरी. चुलीजवळ. काय वाईट आहे?"

दारात उभी असलेली तोलेगेनची सून कराकात हे ऐकत होती; तिचा नवरा दौलेत कामानिमित्त शहरात असायचा. तिला काळजी लागली. सासऱ्याची लागली असं म्हणायला हवं. पण खरं सांगायचं तर त्यातली निम्मी स्वतःची होती.

ती निम्मी काळजी दुसऱ्याच दिवशी खरी ठरली. ज्या माणसानं आयुष्यात दिवसाचं घर पाहिलं नव्हतं, तो आता दिवसभर घरात होता. सकाळी त्यानं शेणाच्या गोवऱ्या उलट रचल्या आहेत असा शोध लावला आणि सगळी रास पाडून पुन्हा रचली. दुपारी पिठाचं पोतं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. संध्याकाळी ते परत पहिल्या कोपऱ्यात आणलं, कारण तिथंच ते शोभत होतं. चहाच्या वेळी तो पेल्यात डोकावून म्हणाला, "दूध आधी घालतेस की नंतर?"

"आधी, कोके." सासऱ्याला ती कोके म्हणायची.

"हं. माझी आई नंतर घालायची."

सासूबाई झिबाश चुलीपाशी बसून हे सगळं बघत होत्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा सलग दोन दिवस घरी असल्याचं त्यांना आठवत नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी कराकातला गोठ्यात गाठलं.

"काहीतरी कर गं बाई. काल माझ्या शिवणाचे टाके मोजत होते."

"अपा, माझ्या हातून आज त्यांचा पेला काठोकाठ भरला जाणार होता," कराकात म्हणाली. पेला काठोकाठ भरून देणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. दोघी तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून हसल्या.

मग झिबाशचं हसू ओसरलं. "हसतोय खरं. पण सकाळी कुठं होते माहितीये? छपरावर. समुद्राकडं तोंड करून."

कराकातलाही ते दिसलं होतं. तोलेगेन तरुण असताना नद्यांचं पाणी शेतांकडं वळवलं गेलं आणि समुद्र गावापासून निघून गेला होता. आज एक कोस, उद्या दोन, असं करत करत दिसेनासा झाला. मागं मीठ राहिलं. गावातल्या मासेमाऱ्यांनी होड्या मोडून विकल्या, आणि तोलेगेननं वीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर दुसऱ्यांच्या पोत्यांची राखण केली. मग बांध घातला गेला, पाणी परत आलं, मासे आले, आणि पन्नाशी ओलांडलेला तोलेगेन पुन्हा जाळं विणायला बसला. एकदा समुद्रानं त्याला किनाऱ्यावर टाकलं होतं. आता त्याची स्वतःची मोटरसायकल टाकायला निघाली होती. दुसऱ्यांदा तो उठला नसता, हे कराकातला कळत होतं आणि तिला त्याचं फार वाईट वाटत होतं. उरलेली निम्मी काळजी ती होती.

आणि गंमत अशी, की रोग काय आहे हे तिला पहिल्याच दिवशी समजलं होतं. वासावरून.

कराकात शहरातली. तिचा बाप बसडेपोसमोर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवायचा, आणि लग्नापर्यंतची आठ वर्षं तिनं त्या दुकानात स्विच उघडण्यात आणि बंद करण्यात घालवली होती. लग्नात इतर मुलींनी गालिचे आणले. तिनं गालिच्याबरोबर एक पत्र्याचा डबाही आणला. त्यात जुनी बटणं, स्प्रिंगा, बारीक पेचकस आणि खोडरबर होते. झिबाशला तेव्हा वाटलं होतं, पोरीला अभ्यासाची फार आवड दिसते.

तर त्या मंगळवारी मोटरसायकल दारात आली तेव्हा कराकात हँडलजवळून गेली आणि तिला भूक चाळवणारा वास आला. म्हणजे सणाच्या जेवणाचा. दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी! खारवून टांगलेली, हिवाळाभर पुरणारी. या घरात त्या चरबीवर केवढा विश्वास. फुटलेल्या ओठांना तीच, बुटांना तीच, दाराच्या बिजागरीला तीच, पोरांच्या खोकल्याला तीच. तोलेगेननं ती स्विचच्या पोटातही भरली होती. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या समुद्रतळावरून खारी धूळ उडते आणि फटीफटीत शिरते. ती शिरू नये म्हणून फटच बुजवून टाकायची, असा साधा हिशोब. उन्हाळ्यात तो चालायचाही. पण थंडीत चरबी मेणासारखी घट्ट होते आणि बटण जिथल्या तिथं धरून ठेवते. शिवाय चरबीतलंच मीठ पितळेला खातं.

हे सासऱ्याला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, त्याच्या शब्दाला आडवं जायचं नाही, त्याच्या घोड्याला हात लावायचा नाही. घोडा आता तीन चाकांचा झाला होता, एवढाच काय तो फरक.

गुरुवारी दुपारी तोलेगेन शेजारच्या गावात कुणाच्या तरी नातवाच्या बारशाला गेला. कराकातनं संधी साधली. झिबाशला फाटकाशी पहारा ठेवायला लावून तिनं दिवा, हॉर्न आणि चावीचे तिन्ही स्विच उघडले, चरबी चमच्यानं खरवडून काढली, स्पिरिटनं धुतलं, आतली हिरवी पडलेली पितळी टोकं खोडरबरनं घासून सोन्यासारखी केली आणि सगळं होतं तसं बसवलं. बॅटरीही शेजारणीकडून भरून आणली. तासाभराचं काम. बटण असं टकटक वाजायला लागलं की झिबाशनं ते उगाचच पाच-सहा वेळा दाबून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी अंगणातून आरडाओरडा ऐकू आला.

"झिबाश! अगं झिबाश! मांजरानं खाल्ली!"

"काय खाल्लं?"

"चरबी! स्विचमधली चरबी! चाटूनपुसून साफ केलीये मेल्यानं!" तोलेगेन स्विचची झाकणं काढून हँडलसमोर ओणवा होऊन आत बघत होता. "बघ, थेंब ठेवला नाही. पितळ चमकतंय!"

झिबाशनं कराकातकडं पाहिलं. कराकातनं आभाळाकडं पाहिलं. मांजर भिंतीवर बसून पाय चाटत होतं, त्यामुळे पुरावाही मिळाला.

"मांजर पेच उघडतं का हो?" झिबाशनं विचारून बघितलं.

"भुकेलं असलं की काहीही करतं," तोलेगेन म्हणाला. मग तो आत गेला, खुंटीवरची शेपटी उतरवली, चांगला अक्रोडाएवढा गोळा कापून घेतला आणि तिन्ही स्विचमध्ये अंगठ्यानं दाबून दाबून भरला. पूर्वीपेक्षा दुप्पट. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

त्या दिवशी झिबाशनं बोलून पाहिलं. "अहो, त्या चरबीनंच अडकत असेल."

"बेचाळीस वर्षं," तोलेगेन म्हणाला, "मी काही केलं की त्यानंच काहीतरी अडतं. पाऊस आला नाही तरी माझ्यामुळंच."

संपलं बोलणं. आता सोमवारला तीन दिवस राहिले होते.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण या गावातही जशीच्या तशी आहे. सुनेला सुनवायचं तर सासू लेकीवर ओरडते, आणि सून मुकाट समजून घेते. पण सुनेला सासऱ्याला सुनवायचं असेल तर तिनं कुणावर ओरडायचं, याची म्हण कुणी केलेली नाही. शनिवारी सकाळी कराकात धार काढायला बसली तेव्हा तोलेगेन दोन हातांवर खुंट ठोकत होता. कराकातनं इकडंतिकडं पाहिलं. समोर उंटीण होती.

"बाई गं," कराकात उंटिणीला मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या सडांना मी लोणी लावते, ते बाहेरून लावते. आत नाही भरत. भरलं असतं तर दूध आलं असतं का?"

उंटिणीनं कान हलवले. खुंटावरची हातोडी थांबली.

"तसंच असतं बघ सगळ्याचं. पितळेला पितळ भिडलं तर वीज जाणार. मध्ये चरबीची गादी घातल्यावर ती बिचारी कशी जाईल? आणि थंडीत ती चरबी होते दगड. बटण आत गेलं की बसलं तिथंच."

तोलेगेन सुनेकडं वळला नाही. तोही उंटिणीकडंच वळला. "ए म्हातारे," तो म्हणाला, "तुला कुणी काहीही सांगेल. माझ्या बापानं होडीच्या कुलपांना चाळीस वर्षं हीच चरबी लावली. एक कुलूप अडकलं नाही."

"कुलपात वीज नसते गं," कराकात उंटिणीला म्हणाली.

"आणि खारी धूळ शिरते तिचं काय, हे विचारा कुणीतरी!"

"ते मात्र अगदी खरं हो बाई. खरा शत्रू मीठच. ते ज्यानं ओळखलं त्याला मानलं पाहिजे." इथं कराकातनं जरा थांबून धार काढली. "पण चरबी पण खारवलेलीच ना? चोराच्या भीतीनं पहारेकरी ठेवला, आणि ठेवला तो चोराचाच मावसभाऊ."

तोलेगेनच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की राग, ते उंटिणीला दिसलं असेल, कराकातला दिसलं नाही.

"तोंडानं बोलायला काय जातं," तो म्हणाला. "म्हातारे, तू एवढी शहाणी झालीयेस तर दाखव करून."

कराकातनं डब्यातून दोन सारखी बटणं काढली. एकात खुंटीवरच्या शेपटीची चरबी भरली, एक नुसतं स्वच्छ ठेवलं, आणि दोन्ही कुंपणावर टांगली. रात्रभर टांगलेली राहू दे असं तिनं उंटिणीला बजावलं.

रविवारी उजाडता उजाडता तोलेगेन कुंपणाशी होता. कराकात खिडकीतून बघत होती. झिबाश तिच्या खांद्यावरून बघत होत्या. त्यानं स्वच्छ बटण दाबलं. आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा दाबलं. दुसरं दाबलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. त्यानं ते तळहातावर आपटलं, फुंकर मारली, काखेत धरून ऊब दिली. मग कुठं ते वर आलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा बसलं.

तोलेगेननं दोन्ही बटणं खिशात घातली. मासेमारी करणारा माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, पण जाळ्यात जे दिसतं ते मानतो. तो गोठ्यात आला, खाकरला आणि उंटिणीला म्हणाला, "बरं. मग लावायचं तरी काय?"

"आत काहीच नाही गं," कराकात घाईनं म्हणाली. "उघडायचं, खरवडायचं, स्पिरिटनं धुवायचं, खोडरबरनं घासायचं. टोकं कोरडी ठेवायची. औषधाच्या दुकानातलं साधं व्हॅसलीन स्प्रिंगेला नावापुरतं, आणि झाकणाच्या कडेला बाहेरून, म्हणजे धूळ आत जात नाही. खालचं बारीक भोक मात्र बुजवायचं नाही, ओल तिथूनच उतरते. आणि महिन्यातून एकदा पुन्हा उघडून बघायचं."

"स्पिरिट कुठलं?"

"दवाखान्यातलं."

"ते धुवायला वापरायचं?" तोलेगेनला हे उंटिणीच्या तोंडूनही पटेना.

काम मात्र त्यानं स्वतःच्या हातानं करायला घेतलं. कराकात दोन पावलांवर शेण गोळा करत उंटिणीला सूचना देत होती, आणि तोलेगेन उंटिणीवर चिडत ते सगळं करत होता. "कळलं म्हातारे, दोनदा नको सांगूस!" हॉर्नचं बटण झालं. चावीचं झालं. दिव्याच्या खटक्याचं झाकण त्यानं पेचकसानं जरा जोरात उचकटलं, आणि आतली स्प्रिंग टणकन उडाली.

"कराकात! हलू नकोस!"

लग्नानंतरच्या चार वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं, ए, सूनबाई, दौलेतची बायको, यावर भागत होतं. कराकात एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजली.

"पाऊल टाकू नकोस. चेंगरली तर संपलो मी. उद्या सोमवार आहे."

मग दोघंही गुडघ्यावर आली. गवत, शेण, गोठलेली माती चाचपत उंटिणीच्या पोटाखालून इकडून तिकडं गेली. सासरा आणि सून समोरासमोर, डोकं डोक्याला लागेल एवढ्या अंतरावर. मधल्या काळात उंटिणीला कुणीच काही बोललं नाही.

"डब्यात तशी दुसरी असेल का गं?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"एवढी बारीक नाही, कोके. शोधू की. जाईल कुठं?"

"माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. हात पण नाहीत. तो ओराझबाय बरोबर बोलतोय की काय, असं वाटतं मला छपरावर बसलं की."

"नाही बोलत बरोबर," कराकात म्हणाली. सासऱ्याला 'नाही' म्हणण्याची तिची ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात तोलेगेननं बोट दाखवलं. स्प्रिंग कराकातच्याच लोकरी नमद्याच्या बुटाच्या दुमडीत जाऊन बसली होती. दोघंही खाली बसून इतकी हसली की झिबाश लाटणं घेऊनच बाहेर आल्या, कुणाला काय चावलं म्हणून. पुढचं सगळं काम त्यांनी शेजारी शेजारी बसून केलं.

सोमवारी सकाळी तोलेगेन निघताना म्हणाला, "बस."

"कुठं?"

"साइडकारमध्ये. मध्येच काही अडलं तर मी काय उंटीण घेऊन जाऊ?"

त्या साइडकारमध्ये आजवर फक्त मासे बसले होते, आणि वास तसाच होता. कराकात मांडीवर डबा घेऊन बसली. किनाऱ्यावर आठ मोटरसायकली ओळीनं उभ्या होत्या आणि आठ माणसं हात काखेत घालून थंडीत नाचत होती.

"तोलेगेन-आगा, आज मासा मोठा लागलाय!" कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या जाळ्यात मावला नसता," तोलेगेन म्हणाला. मशीन उभं केलं. "हं, ओराझबाय. मोज."

ओराझबायनं मोजायला सुरुवात केली. दिवा: लागला, विझला, लागला, विझला. कराकात ओठ मिटून बसली होती. सहाव्या वेळी दिवा क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटला आणि तिनं डबा घट्ट धरला, पण लागला. दहा झाले. चावी दहा वेळा. मग हॉर्न. तोलेगेननं अंगठा ठेवला आणि टोळीतल्या दोघांनी आधीच कान झाकले. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी वाजला, प्रत्येक वेळी थांबला. दहावा झाल्यावर त्यानं ओराझबायकडं पाहून अकरावाही वाजवला.

"मानलं," ओराझबाय म्हणाला. "चला आता, उशीर झालाय."

"थांब. तुझं दाखव."

"माझं कशाला?"

"नियम सगळ्यांना की फक्त म्हाताऱ्यांना?"

टोळी पुढं सरकली. असली करमणूक कुणाला नको असते? ओराझबाय ऐटीत आपल्या मशीनवर बसला आणि दाबायला लागला. एक, दोन, तीन. चौथ्याला बटण आत गेलं ते बाहेरच आलं नाही. हॉर्न सुटला, आणि मुकादम टोपी काढून हॉर्नवर धावला. लोक बर्फावर लोळायचे बाकी राहिले. मग दुसऱ्यानं आपलं तपासलं, तिसऱ्यानं तपासलं. सात जणांचं काही ना काही अडकत होतं. एकट्या धाकट्या झोलदासचं ठीक होतं, आणि तेही त्याला चरबी परवडत नव्हती म्हणून.

"अरे पण तुम्ही सगळे ती चरबी आत भरता कशाला?" तोलेगेननं विचारलं. त्याला आता फार मजा येत होती.

"कशाला म्हणजे?" ओराझबाय हॉर्नचं तोंड टोपीनं दाबून धरत ओरडला. "तुम्हीच शिकवलंत ना, आगा! पहिल्या हिवाळ्यात! सगळ्यांना ओळीनं उभं करून!"

तोलेगेनचं हसणं तोंडातच राहिलं. त्यानं त्या आठ मशीनांवरून नजर फिरवली. आठवलं असावं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्या थंडीनं झाल्या नव्हत्या. धुक्याच्या दिवशी यातला एखादा दिवा लागला नसता तर काय झालं असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

कराकात साइडकारमधून उतरली आणि कुणाला न विचारता ओराझबायच्या हँडलची तार सोडवली. आवाज थांबला.

"नियम म्हणजे नियम," ओराझबाय धापा टाकत म्हणाला. "आगा, आज तुम्ही आणि झोलदासच जाऊ शकता. जा. जाळी दोन दिवस पाण्यात आहेत. आम्ही बघू उद्या-परवा."

सहा दिवस तो माणूस छपरावरून ज्या बर्फाकडं बघत होता, तो बर्फ समोर मोकळा पडला होता. आभाळ स्वच्छ होतं. कराकातनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला वाटलं, जाईल. आणि गेला तर बरंच होईल.

तोलेगेननं मोटरसायकल बंद केली. माशांची एक रिकामी पेटी पालथी घातली, तिच्यावर बसला आणि हातमोजे काढले.

"मी चुकीचं शिकवलं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी सून बरोबर शिकवते. कराकात, चल, कुणाचं आधी घ्यायचं? मी पेच आणि स्प्रिंगा धरतो. उडू देत नाही."

मग दुपारपर्यंत किनाऱ्यावर तेच चाललं. कुणीतरी गवत पेटवून चहा केला, कुणी पिठाचे तळलेले गोळे, बोरसाक, काढले. कराकात मशीनमागून मशीन उघडत गेली. तोलेगेन तळहातावर पेच धरून बसला होता, आणि कुणी मध्ये बोललं की दटावत होता, "गप रे, तिला ऐकू दे बटण." स्पिरिटची बाटली फिरता फिरता दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा थोडी कमी होऊन सापडली. ओराझबाय आपल्या स्विचमधून निघालेली हिरवी काजळी कागदावर घेऊन सगळ्यांना दाखवत होता, जणू मुतखडा निघालाय.

शेवटचं मशीन झालं तेव्हा सूर्य कलायला लागला होता. जाळी काढून परतण्यापुरता उजेड होता. नऊ जणांनी आपापले दिवे लावले, हॉर्न वाजवले, आणि सगळे एकदम थांबलेसुद्धा.

बर्फावर उतरण्याआधी टोळी गोल उभी राहते, आणि सर्वांत वडील माणूस दुवा मागतो. तोलेगेननं हात पसरले. सगळ्यांनी पसरले. कराकात सवयीप्रमाणे मागं सरकली, कारण त्या गोलात बायका नसतात.

"इकडं ये," तोलेगेन म्हणाला. "तू पण टोळीतच आहेस."

ओराझबायनं बाजूला सरून जागा केली. कराकात आत आली आणि तिनंही हात पसरले.

"बर्फ जाड राहू दे," तोलेगेन म्हणाला. "जाळी जड येऊ देत. जेवढे निघालो तेवढे परत येऊ देत. आणि ज्या पोरीनं आज या म्हाताऱ्याला पुन्हा माणसांत आणलं, त्या माझ्या कराकातच्या हातांना यश असू दे."

"आमीन," नऊ आवाज आले.

दुवा झाली की दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवायचे असतात. कराकातचे हात काजळीनं, व्हॅसलीननं आणि गंजानं कोपरापर्यंत काळेहिरवे झाले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही होतं. तिनं एकदा हातांकडं पाहिलं, आणि फिरवले चेहऱ्यावरून.